वरचा फलाट

आमच्या स्टेशनात खाली उतरायचं तर आधी पाच पायऱ्या वर चढाव्या लागत. रस्त्यावरून आलं की पाच पायऱ्या, मग एक छोटा कट्टा आणि तिथून खाली जाणारा लांब जिना. पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारं पाणी आत शिरू नये म्हणून केलेली ही सोय. मी या पायऱ्या इतक्या वेळा शाईने काढल्या की आजही त्यांची रुंदी तोंडपाठ आहे. पण त्यांच्यावरून कधी कुणी चाललं नाही. स्टेशन कागदावरच राहिलं.

'आमचं स्टेशन' असं ऑफिसात सगळेच म्हणायचे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका कारखान्याच्या वर होतं. कलकत्त्यात तेव्हा जमिनीखालून गाडी नुकतीच सुरू झाली होती. मुंबईत, तेही उपनगरात, तशी गाडी आणायची झाली तर एखादं स्टेशन कसं असेल, याचा अभ्यास आमच्या साहेबांकडे आला होता. जागा अंधेरीच्या बाजाराखालची. मी नुकताच डिप्लोमा संपवून तिथे ट्रेसर म्हणून लागले होते. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचं, एवढंच काम. बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं.

गिरवलेला प्रत्येक कागद तपासायला काकांकडे जाई. काका मालवणकडचे, राहायला कांदिवलीला, निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेली. ऑफिसातले सगळेच त्यांना काका म्हणत. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. माझ्या पेनातून शाईचा थेंब पडला की टेबलावरूनच ओरडत, "काय गो कॉन्व्हेंट, पेन रडता की तू रडतंस?" सगळे हसत. मी मान वर न करता ब्लेडने तो डाग खरवडत बसे.

हे स्टेशन ते दुसऱ्यांदा काढत होते. पहिल्यांदा काढलं तेव्हा ते माझ्याच वयाचे होते, आणि तेव्हा ट्रेसिंग पेपर नाही, निळसर ट्रेसिंग-कापड वापरत. ते जुनं कापड त्यांनी एकदा मला उलगडून दाखवलं. त्यावर अंधेरीचा बाजार नव्हताच. एक तबेला, दोन विहिरी, एक चिंच, आणि त्यांच्या मधून ठिपक्यांच्या रेघांनी काढलेलं जमिनीखालचं स्टेशन.

"ही विहीर बघ," ते म्हणाले. "आता हिच्यावर औषधाचं दुकान आहे. पाणी अजून खालीच आहे, दुकानदाराला माहीत नाही एवढंच."

पहिल्या वेळी त्यांनी दारापाशी तीन पायऱ्या धरल्या होत्या. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं होतं, जमिनीखाली जायला माणूस आधी वर कशाला चढेल? काका म्हणाले होते, साहेब, पाणी काय नकाशा बघून येतं का? साहेबांनी पायऱ्या खोडल्या. मग तो सगळा अभ्यासच कुठल्याशा कपाटात गेला.

या वेळी काका पायऱ्यांबद्दल कुणालाच विचारणार नव्हते. एका दुपारी ते मला बाजारात घेऊन गेले. एका भांड्यांच्या दुकानाच्या शटरवर आदल्या पावसाळ्यात चढलेल्या पाण्याची मातकट रेघ होती. त्यांनी टेप जमिनीला लावून वर धरला आणि मला म्हणाले, "वाच किती ते."

मी वाचलं. तेवढ्यावरून पाच पायऱ्या ठरल्या. टेप त्यांनी स्वतः का नाही वाचला, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. मला शिकवत असतील, असंच वाटलं.

काकांची तपासायची पद्धत पाहण्यासारखी होती. शाईची रेघ ट्रेसिंगवर किंचित उठून राहते. काका कागद पसरून त्यावरून अंगठा फिरवत. नजर खिडकीबाहेर, अंगठा जिन्यावर. "ही भिंत इथे तुटली," म्हणत, आणि खरंच तिथे केसाएवढी फट असे. मला ते कसब वाटायचं. ते कसबच होतं. पण अक्षरं अंगठ्याला कळत नाहीत. अक्षरांपाशी आलं की ते खुर्चीत मागे टेकून म्हणत, "वाच." मी वाचायची, ते मान हलवायचे आणि खालच्या कोपऱ्यातल्या 'तपासले' या चौकटीत सही करायचे.

एके दिवशी त्यांनी सही शेजारच्या चौकटीत केली. 'काढले' या चौकटीत, म्हणजे माझ्या. अगदी नीट, नेहमीच्या वळणाने, चुकीच्या जागी. मी कागद उचलला, माझ्या टेबलावर आणला, ब्लेडने ती सही खरवडली आणि परत नेऊन म्हटलं, "काका, माझ्याकडून शाई सांडली. परत सही कराल?"

ते एरवीसारखे पेन रडण्याबद्दल काही बोलले नाहीत. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे ना?" मी "हो" म्हटलं. त्या दिवसापासून मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे बहुतेक त्यांनाही माहीत होतं.

मग एका जिन्याचं माप चुकलेलं साहेबांना सापडलं. साहेबांचं मराठी कामापुरतं होतं. ते बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, ये तिसरी वेळ आहे. डोळे तपासून घ्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. अजून एक चूक निघाली तर मला चेकिंगला दुसरा माणूस बसवावा लागेल."

"आणतो साहेब. पुढच्या आठवड्यात."

तो आठवडा आलाच नाही. काकांचा भाऊ गिरणीच्या संपापासून घरी बसून होता, दोन्ही बिऱ्हाडं काकांवर चालत होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. चेकिंगचं टेबल गेलेला माणूस मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसतो आणि थोड्याच दिवसांत आपणहून यायचा थांबतो, हेही ठाऊक होतं. त्यांच्या आधीच्या चेकरचं तसंच झालं होतं.

त्याच सुमाराला साहेबांनी मला बोलावलं. ज्या समितीपुढे स्टेशन मांडायचं होतं, तिच्यासाठी नकाशांचा एक संच मराठीत हवा होता. "तू मराठी आहेस ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. माझं मराठी घरातल्या बोलण्यापुरतं होतं. शाळेत ते एक विषय म्हणून होतं, आणि त्यात मी जेमतेम पास व्हायची. पण "मला जमणार नाही" हे सांगायला जेवढं धैर्य लागतं, त्यापेक्षा नऊ कागदांचं भाषांतर करायला कमी लागेल, असं मला वाटलं.

बाबांचा जुना शब्दकोश घेऊन मी बसले. तिकीटघर. पंपाची खोली. हवेचा मनोरा, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बेटावर उभारलेली, खालची कोंदट हवा बाहेर टाकणारी चिमणीसारखी जागा. खाली, रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन फलाट. इंग्रजी नकाशावर एकाला अप प्लॅटफॉर्म म्हटलं होतं, दुसऱ्याला डाऊन. कागदावर अप प्लॅटफॉर्म वरच्या अंगाला काढलेला होता, डाऊन खालच्या अंगाला. मी क्षणभरही थांबले नाही. स्टेन्सिल लावून लिहिलं: वरचा फलाट. खालचा फलाट. मग तेच शब्द पाट्यांवर: 'वरच्या फलाटाकडे', आणि शेजारी जिन्याने खाली जाणारा बाण.

तपासायच्या वेळी काकांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, "वाच." मराठीच्या शेजारी मी इंग्रजी प्रत टाचली होती. मोठ्याने वाचायचं म्हटलं की माझी जीभ आपोआप इंग्रजीकडे जाई. मी ती प्रत वाचली.

"मराठीतही तसंच ना?" काकांनी विचारलं.

"हो."

त्यांनी सही केली, बरोबर चौकटीत. शुक्रवारी दुपारी अमोनियाच्या वासाच्या प्रिंट निघाल्या, गुंडाळून नळकांड्यात गेल्या आणि मूळ ट्रेसिंग साहेबांच्या कपाटात कुलपात गेलं. समितीची बैठक सोमवारी होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी घाटकोपरला घरी पोचले तेव्हा बाबा बनियनवर चहा पीत होते आणि आईला सकाळची हकिगत सांगत होते. "अपची पार वाट लागली होती. डाऊन एकामागून एक सुटतायत, आणि आम्ही सगळे अपच्या फलाटावर उभे."

मी चपला काढता काढता थांबले. "बाबा, अपचा फलाट म्हणजे? वरचा?"

बाबांनी कप खाली ठेवला. "वरचा म्हणजे? घाटकोपरला गाड्या माळ्यावर येतात का गं?"

आई हसायला लागली. बाबांना आणखी चेव आला. "एवढ्या इंग्रजी शाळेत घातली हिला, आणि हिला अप माहीत नाही! अगं, मुंबईकडे जाते ती अप. कल्याणकडे जाते ती डाऊन. शेंबडं पोरही सांगेल."

"मी बसने जाते," मी म्हटलं. खरं होतं ते. शाळा चालत, कॉलेज बसने, ऑफिस बसने. रोज जाण्या-येण्याला अप-डाऊन म्हणतात हे मी ऐकलं होतं. त्यातला अप कुठल्या दिशेला जातो, हे विचारायची वेळ आली नव्हती.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि नळ तसाच सोडून उभी राहिले. तो शब्द इंग्रजी नव्हताच. तो फलाटावर रोज उभं राहणाऱ्यांचा होता, माझ्या बाबांचा होता. म्हणजे मराठीच होता. मी एका मराठी शब्दाचं मराठीत भाषांतर केलं होतं, आणि त्यामुळे जमिनीखाली एकावर एक असे दोन फलाट तयार झाले होते, ज्यांतल्या वरच्याकडे बाण खाली जात होता. आणि त्या सगळ्याखाली काकांची सही होती.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असे. बसमध्ये साकीनाक्यापर्यंत मी वेगवेगळे मार्ग शोधत होते. गुपचूप दुरुस्त करावं, तर ट्रेसिंग कुलपात. गप्प बसावं, तर सोमवारी समितीतला कुणीतरी पहिल्याच मिनिटाला हसणार, आणि साहेब परत येऊन कोपऱ्यातली सही बघणार. साहेबांना सांगावं, तर तेही आधी हेच विचारणार, की तपासलं कुणी? कुठूनही गेलं तरी शेवटी काकांचंच टेबल येत होतं. चूक माझी, आणि भोगणार ते. अंधेरीचा स्टॉप आला तेव्हा मी उतरायची विसरले आणि पुढच्या स्टॉपवरून चालत मागे आले.

काका चहा घेत होते. मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांना आधी हसूच आलं. "वरचो फलाट!" म्हणत ते खोकला येईपर्यंत हसले. "आणि बाण खाली! आयला, समितीवाले गच्चीत जाऊन गाडी शोधतील."

मग त्यांचं हसू ओसरलं.

"मी सही केलीय त्यावर."

"हो."

"मी तुला वाचायला सांगितलं होतं."

"मी इंग्रजी वाचलं काका."

"मराठी का नाही वाचलंस?"

"मला वाटलं, मराठी तुम्ही बघताय." हे खोटं होतं. तोंडातून निघाल्यावर मला कळलं की ते नुसतं खोटं नव्हतं, दुष्टही होतं.

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "माका दिसता, तर तुका वाच म्हणान कित्याक सांगतंय गो?"

एवढं उघड ते पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी कप बशीत ठेवला. बशी त्यांनी आधी बोटांनी चाचपली. "जा. साहेबांना सांग. खरं काय ते सांग. माझं काय व्हायचं ते होईल."

साहेबांच्या केबिनपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. आत गेले आणि बोलायला लागले, इंग्रजीत. खोटं बोलायला मला ती भाषा सोपी गेली. मी सांगितलं की काकांनी नकाशे तपासले तेव्हा त्यांवर 'अप फलाट' असंच होतं. नंतर मला वाटलं की शुद्ध मराठी हवं, म्हणून सहीनंतर मी ते शब्द माझ्या मनाने बदलले.

साहेबांनी नळकांड्यातून एक प्रिंट काढली आणि टेबलावर पसरली. बाणाकडे बघून ते हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. "सोमवारी हे दाखवलं असतं मी!" त्यांनी दार उघडून हाक मारली, "काका! तुमच्या सहीनंतर या मुलीने लेबल चेंज केले?"

मी जमिनीकडे बघत होते. काकांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते दारात येऊन उभे राहिले असणार. त्यांनी मला खरं सांगायला सांगितलं होतं. ते आता "नाही" म्हणाले असते तर खोटारडी मी ठरले असते आणि आंधळे ते. खालच्या कारखान्यात पुठ्ठा कापायचं मशीन चालू होतं, ते मी ऐकत राहिले.

"तुझी हिंमत कशी झाली?" काका ओरडले. "माझ्या सहीखाली? बावीस वर्षं सही करतोय, कुणी एक टिंब हलवलं नाही! हेच शिकवतात काय गो कॉन्व्हेंटात? शब्द येत नाही तर विचारायचं! तोंड आहे ना? की तेही इंग्रजीच आहे?"

बाहेर सगळ्यांचे हात थांबले होते. काका बोलतच राहिले. माझे कान तापले, डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. शेवटी साहेबच म्हणाले, "जाऊ द्या काका, लहान आहे," आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे सरकवल्या.

ते नाटक होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांचा आवाज खरा थरथरत होता. राग खरा होता एवढं नक्की. तो माझ्या चुकीवर होता, माझ्या खोटं बोलण्यावर होता, की त्या खोट्याची त्यांना गरज होती यावर, ते मी कधी विचारलं नाही.

मी ट्रेसिंग टेबलावर पसरलं. अर्धं ब्लेड आडवं धरून 'वरचा' खरवडायला सुरुवात केली. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी झाला तर शाई राहते. खरवडलेल्या जागेवर पावडर चोळायची, नाहीतर नवी शाई पसरते. 'वरचा' गेला, 'अप' आला. 'खालचा' गेला, 'डाऊन' आला. दुरुस्तीनंतर सही नव्याने व्हायला हवी, म्हणून कोपऱ्यातली काकांची जुनी सहीही खरवडली. हाताला घाम सुटत होता, म्हणून मनगटाखाली रुमाल घेतला. दीड वाजता लोक डबे आवरून निघाले. जाता जाता एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजली, "म्हातारा फारच बोलला गं." मी पुढचा कागद ओढला.

शेवटचा कागद झाला तेव्हा ऑफिसात आम्ही दोघं आणि केबिनमध्ये फोनवर बोलणारे साहेब, एवढेच होतो. मी सगळे कागद काकांपुढे नेऊन ठेवले.

"वाच," ते म्हणाले. मग, "मराठी. एकेक अक्षर."

मी वाचलं. तिकीटघर, पंपाची खोली, हवेचा मनोरा, अप फलाट, डाऊन फलाट. जोडाक्षरांपाशी अडखळत, शाळेतल्या मुलीसारखं. मी वाचत असताना काका अंगठा फिरवत होते. एका जागी तो थांबला. तिथे कागद खरवडून खरखरीत झाला होता.

"इथे होता ना तुझा वरचा फलाट?"

"हो काका."

"हं," ते म्हणाले. "आता लागला."

सोमवारी सकाळी नव्या प्रिंट निघाल्या, आणि समितीहून साहेब परत आले ते खुशीत. शब्दांबद्दल समितीत कुणी काही बोललंच नव्हतं. एकाच माणसाने एकच प्रश्न विचारला होता, जमिनीखाली जायला आधी वर कशाला चढायचं? काका दिवसभर ते स्वतःशी म्हणत हसत होते.

पुढे वर्षभरात तो अभ्यास पुन्हा कपाटात गेला. काका त्याच टेबलावरून निवृत्त झाले. साहेबांनी सर्टिफिकेटाची आठवण आणखी दोनदा केली आणि मग सोडून दिली, कारण त्यानंतर चूक सापडली नाही. ती सापडू नये म्हणून मी प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर दोनदा वाचायची आणि मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. बसमध्ये बसल्यावर एखादा आकडा आठवायचा, तीनचा आठ तर वाचला नाही ना? पूर्वी माझी चूक पकडणारं कुणीतरी आहे असं वाटायचं. आता ते कुणीतरी मीच होते, आणि नाव त्यांचं होतं.

त्या शनिवारी वाचून झाल्यावर काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि हात कागदावर तसाच अधांतरी धरला. मी माझी पट्टी उचलून 'तपासले' या चौकटीच्या खालच्या रेघेला लावली आणि दोन बोटांनी दाबून धरली. पेन खाली आलं, पट्टीला टेकलं, थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. सही झाली तरी मी पट्टी लगेच काढली नाही. शाई वाळायची होती.